जीबीएसमधून घरी आलेला नवरा आणि 'अजून किती दिवस?'

जीबीएस म्हणजे गुलेन-बॅरी सिंड्रोम, शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर हल्ला करते तो आजार. पत्र असं आलंय, थोडं छोटं करून देते.

"ताई, आम्ही पुण्यात धायरीला राहतो. मी 34, मिस्टर 38, मुलगा सात वर्षांचा, सोबत सासूबाई. जूनच्या शेवटी मिस्टरांना आणि मुलाला जुलाब झाले, चार दिवसात दोघंही बरे. मग दहा-बारा दिवसांनी मिस्टरांची कंबर धरली, आम्ही बाम चोळला, दुसऱ्या दिवशी पायाला मुंग्या, तिसऱ्या दिवशी जिना चढता येईना, चौथ्या दिवशी हातही गेले. हॉस्पिटलमध्ये जीबीएस सांगितलं, पाच दिवस आयव्हीआयजी (शिरेतून देतात ते अँटिबॉडीजचं औषध) दिलं, तरी श्वास घेता येईना म्हणून 19 दिवस व्हेंटिलेटरवर होते. ऑगस्टच्या शेवटी घरी आणलं. आता ऑक्टोबर संपत आला तरी वॉकर धरून बाथरूमपर्यंत जातात तेवढंच. पाऊल लोंबतं, शर्टाचं बटण लागत नाही, रात्री पाय जळतात म्हणून झोप नाही. किरकटवाडीच्या मैत्रिणीच्या दिराला 2025 च्या साथीत हेच झालं होतं, तो दीड महिन्यात ऑफिसला जायला लागला. घरचे म्हणतात यांनी मनाला लावून घेतलंय. मागच्या आठवड्यात मी चिडून वॉकर बाजूला ठेवला आणि म्हटलं चाला आता, तर ते पडले. तेव्हापासून फिजिओ आला की भिंतीकडे तोंड करून झोपतात. सासूबाई म्हणतात त्या रविवारी चिकन मी आणलं म्हणून हे झालं. त्यांना सातारकडे गावाला एका माणसाकडे न्यायचंय, तो अंग चोळतो आणि पुडी देतो. मुलाला जवळ जाऊ देत नाहीत, लागण होईल म्हणून. खरं सांगा, ते चालतील का? – थकलेली, धायरी"

अगं, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं वाचताना तुझं सगळं लक्ष तिकडेच असणार. हो, चालण्याची शक्यता चांगली आहे. जीबीएस झालेल्या दहातले साधारण आठ जण सहा महिन्यांपर्यंत कुणाचा हात न धरता चालतात. पण व्हेंटिलेटरपर्यंत गेलेल्या पेशंटना जास्त वेळ लागतो, त्यामुळे सहाव्या महिन्याला तुझा नवरा त्या आठात नसला तर गाडी सुटली असं समजू नकोस, वर्षभर, दोन वर्षं, काहींची तर त्यानंतरही सुधारणा चालू राहते. शंभर टक्के पहिल्यासारखे होतील असं मी लिहून देणार नाही, कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस, काहींच्या पावलात थोडी कमजोरी राहते, पुष्कळांना थकवा राहतो. पण आज चौथ्या महिन्यात वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाणारा माणूस अडकलेला नाहीये गं, तो वाटेवर आहे. 19 दिवस ज्याला स्वतःचा श्वास घेता येत नव्हता तो आज स्वतःच्या पायावर उभा राहतो हे तुमच्या घरात कुणी मोजलेलंच दिसत नाही.

मी तीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केलंय, जीबीएसचे पेशंट आणि त्यांच्या बायका, आया, भाऊ सगळे बघितलेत, आणि घरी गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी हे असंच भांडण जवळपास प्रत्येक घरात होतं. हॉस्पिटलमध्ये सगळे एका बाजूला असतात, मशीन निघालं, नळी निघाली, देवाला नारळ फुटला, आणि मग घरी येऊन वाटतं की आजार तर संपला मग हा अजून पडून का. खरंय, आजार संपला. पण आजारानं जे तोडलं ते बांधायचं काम आत्ता कुठे चालू झालंय, आणि ते बाहेरून दिसत नाही.

काय झालं ते नीट सांगते, म्हणजे सासूबाईंनाही सांगता येईल. जुलाब ज्या जंतूमुळे होतात त्यातला एक म्हणजे कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी. त्याच्या बाहेरच्या आवरणावर साखरेसारख्या काही साखळ्या असतात आणि त्या आपल्या नसांवरच्या साखळ्यांशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की जंतूला मारायला शरीरानं जी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, बनवली ती जंतू गेल्यावर आपल्याच नसांना जाऊन चिकटतात. म्हणून जुलाब थांबल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी हे सुरू होतं, जुलाब चालू असताना नाही. तुमच्याकडे तपासणीत कोणता जंतू निघाला ते तू लिहिलं नाहीस आणि पुष्कळदा तोपर्यंत जंतू सापडतही नाही, पण जुलाब आणि मग बारा दिवसांनी पाय, ही गोष्ट अगदी त्याच वळणाची आहे.

मणक्यातून नसांच्या 31 जोड्या बाहेर पडतात, आणि जिथून त्या बाहेर पडतात ती मुळं या हल्ल्यात बहुतेक वेळा सापडतात, तिथे नसेला असलेलं संरक्षण कमी असतं. म्हणून आधी कंबर धरली. तुम्ही बाम चोळलात यात काही चुकलं नाही, त्या दिवशी कुणालाही स्नायू आखडला असंच वाटलं असतं. मेंदू आणि मज्जारज्जू मात्र यात सुटतात. म्हणजे ते 19 दिवस हात हलत नव्हता, बोलता येत नव्हतं, पण औषधानं झोपवलेले नसतील तेव्हा त्यांना सगळं ऐकू येत होतं आणि कळत होतं. हे त्यांना एकदा विचार. हळूच विचार, उत्तर नाही दिलं तर सोडून दे. माझ्या अनुभवात त्या दिवसांबद्दल घरात कुणी विचारतच नाही आणि तो माणूस ते एकटा घेऊन रात्री जागा असतो.

आता मैत्रिणीच्या दिराचं. हा आजार एकच नाहीये, नाव एक आहे. तुमच्या सिंहगड रोडच्या बाजूनं तो कालवा जातो ना, तसं समज. एका प्रकारात कालव्याचं अस्तर उखडतं, पाणी वाटेत मुरतं, पुढे पोचत नाही, पण कालवा जागेवर असतो, अस्तर पुन्हा लागलं की काही आठवड्यात किंवा थोड्या महिन्यात पाणी वाहायला लागतं. याला रिपोर्टमध्ये डिमायलिनेटिंग लिहितात. दुसऱ्या प्रकारात कालवाच तुटतो, म्हणजे नसेचा आतला धागा, त्याला ॲक्झोनल लिहितात, आणि कॅम्पिलोबॅक्टरनंतर हा प्रकार जास्त दिसतो. यातलेही काही पेशंट लवकर उठतात, कारण धागा तुटलेला नसून नुसता अडलेला असतो, पण खरंच तुटला असेल तर तो नव्यानं वाढावा लागतो आणि तो वाढतो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. महिन्याला जेमतेम एक इंच! कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर तूच माप. शेजारच्या जिवंत धाग्यांना फाटे फुटून ते काही काम उचलतात म्हणून प्रत्येकाला तेवढी सगळी वर्षं लागत नाहीत, पण मांडी आधी येते आणि पाऊल आणि बोटं शेवटी येतात हे यावरून तुझ्या लक्षात येईल. तर फाइलमधला एनसीव्हीचा, म्हणजे नसांतून संदेश किती वेगानं जातो त्या तपासणीचा, रिपोर्ट काढ, त्यात कोणता शब्द आहे बघ, आणि न्यूरॉलॉजिस्टना सरळ विचार की यांचा प्रकार कोणता आणि परत एनसीव्ही करायची का. दिराच्या दीड महिन्याशी तुलना त्या दिवसापासून बंद कर, घरातल्यांनाही करू देऊ नकोस.

'मनाला लावून घेतलंय' हे तर घरात परत कुणी बोललेलं चालू देऊ नकोस. लोंबणारं पाऊल कुणी मनानं लोंबवत नाही. पायाची जळजळही खरी, नसा दुखावल्या की असंच दुखतं आणि साध्या क्रोसिननं ते सहसा थांबत नाही, नसांच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात, डॉक्टरांना रात्रीची झोप किती तास होते हे आकड्यात सांग, नुसतं 'दुखतं' म्हणू नकोस. झोप लागायला लागली की अर्धी लढाई तिथे होते. आणि थकवा, त्याबद्दल मला तुला खास सांगायचंय, जीबीएसनंतर निम्म्याहून जास्त लोकांना तो राहतो, ताकद परत आल्यावरही राहतो, आपण दमतो तसा नसतो तो, एकदम बॅटरी संपल्यासारखा येतो. त्या वेळी आळशी म्हटलं की माणूस आतून मिटतो.

पडण्याचं. तू चिडलीस, वॉकर काढलास, ते पडले. वाईट झालं, आणि तुला ते रात्री दिसत असणार. पण चार महिने तूच हागणं-मुतणं, औषधं, हप्ते, शाळा सगळं करत्येस, तुझ्याही अंगात काही उरलंय का हे कुणी विचारलं नाही. नीट बसून त्यांची माफी माग, 'पण तुम्ही पण' न लावता. मग त्यांना विचार की फिजिओ नको म्हणजे नक्की काय नको, पडण्याची भीती वाटते की दुखतं की लाज वाटते. माझ्या अंदाजानं भीतीच असेल. पायातली जाणीव कमी असताना जमीन कुठे आहे तेच कळत नाही, त्यात पडलं की पुढचे कित्येक दिवस उभं राहणं हीच शिक्षा वाटते. फिजिओला हे सगळं सांग, तो आठ दिवस उभं न करता पलंगावर, खुर्चीत बसून करायचे व्यायाम देईल. पावलाला एएफओ बसवून घ्या, तो प्लॅस्टिकचा हलका सपोर्ट असतो, बुटात जातो, पाऊल लोंबत नाही मग अडखळून पडायची भीती बरीच जाते. इतक्या उशिरापर्यंत कुणी हे सुचवलं नसेल तर तूच विचार.

व्यायाम किती, यात घरच्यांचा नेहमी घोळ होतो. घाम गाळला की लवकर बरं होईल असं वाटतं, तसं नाही, अर्धवट जुळलेल्या नसेवर जास्त भार टाकला तर ती दमते आणि दोन दिवस मागे जातो माणूस. थोडं करायचं, थांबायचं, परत थोडं, दिवसातून तीनदा. आणि हिशोब दुसऱ्या दिवशी सकाळी करायचा, सकाळी उठल्यावर कालच्यापेक्षा जास्त कमजोर वाटलं किंवा दुखलं तर काल जास्त झालं, तेवढं कमी करा. पण अजिबात न करणं त्याहून वाईट, सांधे आखडतात, टाच वर ओढली जाते, आणि मग नस जुळून आली तरी पाऊल टेकत नाही.

माझ्याकडे पूर्वी एक बाई यायच्या, मंडईत पालेभाजी विकायच्या, जीबीएसनंतर व्हीलचेअरवर आलेल्या. मी त्यांना मऊ चेंडू दाबायला दिला तर त्या काही केल्या करेनात, तोंड फिरवून बसायच्या, तुझ्या नवऱ्यासारख्याच. मग त्यांच्या मुलानं एक दिवस कोथिंबिरीची मोळी आणून मांडीवर ठेवली आणि त्या जुड्या बांधायला लागल्या. जमत नव्हतं. दोरा सुटायचा, काड्या सांडायच्या. पण त्या रोज बांधत राहिल्या, पहिल्या महिन्यात दिवसाला एक जुडी, तीही सैल, पाचव्या महिन्यात बोटं चालायला लागली, दीड वर्षानं त्या गाळ्यावर परत बसल्या, काठी शेजारी ठेवून. तेव्हापासून मी पेशंटला पहिला प्रश्न विचारायचे की तुमच्या हाताला रोज काय करायची सवय होती. तुझ्या नवऱ्याच्या हाताला कशाची सवय होती ते तुला माहीत असेल, ते आण त्यांच्यासमोर. कीबोर्ड असो, पाना-पक्कड असो नाहीतर मुलाच्या वह्यांना कव्हर घालणं असो.

आता सासूबाई आणि तो पुडीवाला. यात मी ठाम आहे, पुडी नको. त्यात काय आहे ते लिहिलेलं नसतं, आणि अशा बिनलेबलच्या पुड्यांमध्ये शिसं, पारा, आर्सेनिक सापडल्याच्या केसेस झालेल्या आहेत. शिसं आणि आर्सेनिक हे स्वतःच नसा मारतात, आर्सेनिकनं तर कधी कधी जीबीएससारखंच चित्र उभं राहतं. ज्याच्या नसा आधीच तुटल्यात त्याला हे देणं म्हणजे नुकत्या रुजलेल्या रोपावर मीठ टाकणं. जोरात अंग चोळणं, कटकन हाड वाजवणं, मान ओढणं, हेही नको. तुमच्या गावचा असो की दुसऱ्या कुठल्या गावचा, माणूस कितीही भला असेल, त्याला हा आजार माहीत नाही. आयुर्वेदाचंच काही करायचं असेल तर डिग्री असलेल्या वैद्यांना फाइल दाखवा आणि न्यूरॉलॉजिस्टना सांगून करा.

पण सासूबाईंना नुसतं 'नाही' म्हणू नकोस गं. पोटच्या पोराला नळ्या लावलेल्या बघितल्यात त्यांनी, त्यांच्या हातांना काहीतरी करायचंय. तर त्यांना सांग, आई तुम्हीच तेल लावा. रोज संध्याकाळी, कोमट तेल, हलक्या हातानं, तळव्यापासून गुडघ्यापर्यंत. त्यानं नस वाढत नाही, पण त्वचा चांगली राहते, कुठे जखम झालीय का ते दिसतं आणि पोराला आईचा हात लागतो. एकच अट, तेलाची आणि पाण्याची उष्णता सासूबाईंनी आधी स्वतःच्या कोपरावर बघायची. गरम पाण्याची पिशवी पायाला बिलकुल लावू नका, पाय बधिर असतो, भाजलेलं कळत नाही, मी टाचेला मोठे फोड आलेले पाय बघितलेत आणि ते भरायला महिने गेलेत. तेल लावताना एका पोटरीला सूज, लाली, गरमपणा दिसला तर न चोळता त्याच दिवशी दवाखान्यात, रक्ताची गुठळी असू शकते.

चिकनबद्दल. हा जंतू कच्च्या चिकनमध्ये असतो हे खरं, पण दूषित पाण्यातही असतो, कच्च्या दुधातही असतो. 2025 च्या जानेवारी-फेब्रुवारीत तुमच्याच भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला, नांदोशी, दोनशेच्या वर संशयित पेशंट झाले, एरवी वर्षाला लाखात एखाद-दोन जणांना होणारा आजार, तेव्हा बोट मुख्यतः पाण्याकडे गेलं होतं, आणि काहींच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर, काहींच्यात नोरोव्हायरस सापडला होता. तुमच्या घरी काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही. समज चिकनच होतं. ते सगळ्यांनी खाल्लं ना? जुलाब मुलालाही झाले ना? तो पाचव्या दिवशी खेळायला गेला. कॅम्पिलोबॅक्टर झालेल्या साधारण हजारात एकाला जीबीएस होतो, आणि तो एक कोण हे रविवारी चिकन कुणी आणलं यावर ठरत नाही, ते कुणाच्या शरीरानं कशी प्रतिपिंडं बनवली यावर ठरतं. सासूबाईंना हा आकडा सांग. नसेल पटत तर माझं पत्र वाचायला दे. आणि तू स्वतःला पण सांग, मला वाटतंय तुला जास्त गरज आहे.

इथून पुढे मात्र पाणी उकळून प्या, सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली ते विचारा, टँकर येत असेल तर तो कुठून भरतो आणि क्लोरीन टाकतात का तेही विचारा. कच्चं चिकन नळाखाली धुवू नका, शिंतोडे सगळ्या ओट्यावर जातात, त्याची सुरी-पाट वेगळा ठेवा, हाडाजवळचं लालसर राहणार नाही इतकं शिजवा. हा आजार परत होण्याची शक्यता शंभरात दोन ते पाच जणांना असते, म्हणजे कमी आहे, घाबरून जगायचं कारण नाही, पण मुंग्या नव्यानं वर चढायला लागल्या, गिळताना ठसका लागायला लागला, झोपल्यावर धाप लागली तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल. आणि कुणी म्हणेल अजून एकदा आयव्हीआयजी द्या, स्टेरॉइड द्या म्हणजे लवकर उठेल, तर लाखो रुपये घालायच्या आधी न्यूरॉलॉजिस्टना विचार, या आजारात स्टेरॉइडचा उपयोग होत नाही हे अभ्यासांतून सिद्ध झालंय आणि हल्ला थांबल्यानंतर इतक्या महिन्यांनी नेहमीच्या जीबीएसला आयव्हीआयजीला करायला काही उरत नाही. तेच पैसे फिजिओला ठेव. घरी येणारा परवडत नसेल तर फिजिओथेरपी कॉलेजांच्या ओपीडीत कमी पैशात होतं. जनआरोग्य योजनेत जीबीएस आहे, बिल भरून झालं असलं तरी पुढच्या ॲडमिशनला लागेल म्हणून कार्ड काढून ठेव.

ते सतत रडत असतील, जेवत नसतील, 'मी गेलो असतो तर बरं' असं काही बोलले असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला अजिबात उशीर करू नकोस. हे 'मनाला लावून घेण्या'पेक्षा वेगळं आहे, आजारानं मनालाही मार लागतो, त्यालाही औषध आहे.

आणि मुलगा. जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागत नाही, कधीच नाही. जुलाबाचा जंतू लागू शकतो, पण तो जूनमध्ये होता आणि तो तर पोराला होऊनही गेला. दोन महिने त्या मुलाला बाबाच्या खोलीच्या दारातून परत पाठवलंय, आणि बाबा ते पलंगावरून बघतोय. आज रात्रीच त्याला बाबाशेजारी झोपव. सकाळी शाळेचा शर्ट घातला की बटणं लावायला बाबाकडे पाठव, पाच मिनिटं लवकर उठव त्याला, कारण वेळ लागेल, पहिले दिवस एकही लागणार नाही, पोरगं स्वतःच लावून घेईल. मधलं मोठं बटण आधी जमेल, कॉलरचं सगळ्यात शेवटी.

दिवाळीनंतर मला लिही. 'चालतात का' ते नको लिहूस, कितवं बटण लागलं ते लिही.